पांढरा साका

ऑक्टोबर. आग्वादच्या दिव्यापासून पश्चिमेला नऊ मैल.
खाली सत्तावीस मीटर पाणी, वर ऊन,
आणि मधे आमचा भाड्याचा ट्रॉलर, सांता रीता,
ज्याच्या फळ्यांत तीस वर्षांचा बांगडा मुरलाय.

तांडेल कायतान आमचं जाळं हातात घेतो,
पांढरं, दोनशे मायक्रॉनचं,
दोन बोटांत चोळून बघतो
शिंप्याकडे अस्तर बघावं तसं.
“बाय, हिच्या आसात माझ्या सुईचं टोक जाईना.
ह्यात तुम्ही धरणार काय?”

आस म्हणजे जाळ्याचं भोक.
शाळेत मी दुसराच अर्थ शिकले होते.

“बाकीचे सगळे जे खातात, ते,” मी म्हणते.
तो हसतो. विंच करकरते.

बाटल्या उघड्या तोंडानं खाली जातात.
मग मी दोरीवर पितळेचा निरोप्या सोडते,
मूठभर वजन, सुर्र घसरत जातं
आणि अंधारात एकेकीचं तोंड मिटवतं.
दोरीला हात लावून बसलं की कळतं:
टक्.
थांबून, आणखी एक टक्.

वरचं पाणी कोमट, आंघोळीचं.
नऊ मीटरचं बरं.
पंचवीसचं थंड, आणि तोटी सोडताच वास,
डब्यात विसरलेल्या उकड्या अंड्याचा.

कायतान नाक वर करतो.
“परवा बायण्याला सुंगटं आपणहून काठावर आली.
जिवंत. पोरांनी पिशव्या भरल्या.
मी नाही खाल्ली.”
एवढंच बोलून तो सुकाणूकडे जातो.

मी बाटल्यांत दोन औषधं घालते,
बूच लावते, खाली-वर करते.
साका तपकिरी बसला तर पाण्यात श्वास आहे.
वरच्या बाटलीत बसतो, काकवीसारखा.
मधल्या बाटलीत फिका, दुधाळ चहा.
शेवटच्या बाटलीत पांढरा.
हलवते.
पुन्हा हलवते, जणू माझंच काही चुकलंय.
पांढरा. पेजेच्या तळासारखा.

सुहिता गावस, वाळपईची, पहिल्यांदाच समुद्रावर.
दोनदा ओकून झालंय, पेन्सिल सोडलेली नाही.
“मॅडम, शून्य लिहू, की शून्य दशांश शून्य?”
दशांश दे, मी म्हणते.
शून्याला निदान शेजार असू दे.

जाळं वर येतं. तळाच्या डब्यात वाटीभर गढूळ.
“ह्याची आमटीसुद्धा व्हायची नाही,” कायतान.
मी एक थेंब काचेवर ठेवते, त्याला बोलावते.
बोट हलतेय, तो एक डोळा मिटतो,
दुसरा भिंगाला लावतो,
आणि चेष्टा करायला उघडलेलं तोंड तसंच राहतं.

बराच वेळ.

“हो कोण?” मग विचारतो.
मी बघते. माशाचं पिल्लू, तांदळाच्या कणीएवढं,
अंग काचेचं, आतलं सगळं दिसणारं.
अपारदर्शक असे दोन डोळेच फक्त.
“वरच्या पाण्यातला,” मी सांगते,
“खालचा नाही.” का सांगते कोण जाणे.
“सोड ना त्याला.”

बाकीच्या वाटीत फॉर्मलिन पडून झालंय.
एक थेंब उरलाय काचेवर.
मी काच कठड्याबाहेर धरते, धुते.
हे पद्धतीत बसत नाही.
सुहिता दुसरीकडे बघते,
तिला पुन्हा उमासा आलाय, किंवा नाही.

परतताना बरणीत चिठ्ठी टाकायची असते:
तारीख, स्थानक, खोली, जाळ्याचा आस.
पेन्सिलीनंच; शाई विरघळते.
“आणि नाव?” कायतान सुकाणूवरून ओरडतो.
नाव नंतर, प्रयोगशाळेत, मोजताना.
“नंतर कशाला? बांगडो तो.”

मी तारली म्हटलं असतं.
त्या वयात कुणालाच सांगता येत नाही.

दोनापावलचा धक्का दिसू लागतो.
सुहितानं चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलंय
बांगडो, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
मी खोडायला सांगत नाही.
झाकण घट्ट लावते.